ऐकून म्हटलेलं व्हय

आमच्या गावात गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराकडे आहे. म्हणजे देवळासमोर उभं राहून देवाला गावाचं म्हणणं मोठ्याने सांगायचं आणि प्रत्येक वाक्यामागे सगळ्या गावाने "व्हय म्हाराजा" म्हणायचं. माझा आवाज खणखणीत आहे आणि गाऱ्हाण्याला उभा राहिलो की मी कोणाच्या बापाला भीत नाही.

हा मान माझ्याकडे फार लवकर आला. गावामागच्या डोंगरात लोखंडाची खाण होती. एका पावसाळ्यात वरचा कडा सुटला आणि कामावरच्या माणसांवर कोसळला. काही जण सापडले. माझे वडील सापडलेच नाहीत. खाण बंद पडली तसं गावाचं पोट गेलं. ट्रक थांबले, चहाची दुकानं उठली, पोरं दोडामार्गावरून गोव्याला कामाला जाऊ लागली. विहिरींचं लाल पाणी तेवढं निवळलं.

यंदा खाण पुन्हा सुरू करायची बोलणी निघाली आणि गावाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. माझ्या धाकट्या भावाला तिथे मशीन चालवायचं काम मिळणार होतं. रोजच्या गोव्याच्या खेपांनी तो पिचला होता, त्यामुळे त्याला दोष देता येत नव्हता. पण बाप त्या डोंगराने घेतला, भाऊ मी देणार नव्हतो.

जत्रेच्या सकाळी एक मानकरी मला म्हणाले, "गाऱ्हाण्यात खाण घाल हां!"

घातली. आधी भातशेती, गुरंढोरं, मुंबईचे चाकरमानी, सगळं नेहमीचं झालं. अर्ध्या गावाचं लक्ष प्रसादाकडे होतं. मग त्याच सुरात मी म्हणालो, "बा देवा म्हाराजा, आमची माणसां त्या डोंगरात आसत, तोवर जो कोण थंय खणूक जायत, त्येका तू आडवो हो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं. मग प्रसादाकडचे डोळे एकदम माझ्याकडे वळले.

"मेल्या, ह्या काय बोललंस?" मानकरी ओरडले.

"मी बोललंय, तुमी व्हय म्हटलास. आता काय ता देवाक सांगा."

देवासमोर दिलेला शब्द फिरवायची आमच्याकडे कोणाची छाती नाही. खाणीचा विषय तिथेच मिटला. भाऊ मात्र सरळ माझ्याकडे चालत आला. त्याचं काम मी बुडवलं होतं. चार शिव्या खायची तयारी ठेवून मी उभा राहिलो.

तो हळूच म्हणाला, "दादा, बाकीच्यांनी आयकाक नाय. मिया आयकान म्हटलंय."