रजिस्टरात माझं नाव

मुलगी सकाळी नऊला बॅग घेऊन निघायची आणि चारला परत यायची, म्हणून मला काही कळलं नाही. मग एका दिवशी खुंटीवर तिचं विद्यापीठाचं ओळखपत्र लटकलेलं दिसलं. ते गळ्यात नसलं तर फाटकावर आत सोडत नाहीत, हे तिनेच मला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशीही ते तिथंच. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "तू जातेस तरी कुठं गं?"

"विद्यानगरच्या बागेत बसते," ती म्हणाली आणि रडायला लागली.

तिचं इतिहासात एम.ए.चं पहिलं वर्ष. वर्गापुढं उभं राहून इंग्रजीत दहा मिनिटं बोलायचं होतं, सेमिनार म्हणतात त्याला. विषय शहरातले जुने तलाव. मी पोळ्या लाटत असताना तिने तो मला तीनदा ऐकवला होता, मराठीत सांगून, मग इंग्रजीत. वर्गात मात्र दोन वाक्यांतच घसा बंद झाला. मागून कुणीतरी हसलं. ती खाली बसली आणि त्यानंतर पुन्हा वर्गात गेलीच नाही. सरांनी पुढच्या शुक्रवारी आणखी एक संधी दिली होती. ही म्हणत होती, नको, मी सोडूनच देते.

मी ह्यांच्या कानावर घातलं. हे पेपर वाचत होते. "सोडते तर सोडू दे. निजामाबादचं स्थळ विचारतंच आहे." रागावून नव्हे, सहज म्हणाले. मुलगीही सहज "बरं" म्हणाली. मला त्या "बरं"ची धास्ती बसली. गौलीगुड्याच्या शाळेतून चौथीनंतर मला घरी ठेवलं, तेव्हा मीही असंच बरं म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी अंबरपेठच्या बाजारात जाते सांगून मी विद्यापीठात गेले. मी अशी बाई आहे की भाजीवाल्याने एक वांगं किडकं दिलं तर ते घेऊन घरी येते, पण बोलत नाही. फाटकावर शिपाई म्हणाला, "किधर जाना अम्मा?"

"ऑफिसात," मी म्हणाले. जिथं तिथं ऑफिस असतंच.

त्याने हात दाखवला आणि मी आत. पण आत इतकी झाडं आणि इतक्या इमारती, की अर्धा तास मी नुसती चालत होते. पाट्या तेलुगूत, इंग्रजीत, उर्दूत. शेवटी पानं झाडणारी एक बाई दिसली. तिला मी मोडक्या तेलुगूत विचारलं, "इथं रडणारी मुलं कुठं जातात?"

तिने खराटा टेकला. "दोन जागा आहेत. एक कँटीनच्या मागं. एक मॅडमकडं, त्या मुलांचं ऐकून घेतात. तुला कुठली हवी?"

"मॅडमची."

ती मला दारापर्यंत सोडून आली. दारावर समोरासमोर मांडलेल्या दोन खुर्च्यांचं चित्र होतं. आत टेबलाशी एक पोरसवदा मुलगी रजिस्टर घेऊन बसली होती. म्हणाली, नाव सांगा.

इथं मी गडबडले. आमची मराठी घरं ह्या शहरात मोजकी. एका हळदीकुंकवात कुणी काही बोललं की संध्याकाळपर्यंत ते निजामाबादला पोचतं. अशा ठिकाणी मुलीचं नाव लिहिलं तर उद्या लोक म्हणतील, हिच्या डोक्याचं काहीतरी आहे. म्हणून मी माझंच नाव सांगितलं.

"कोर्स?"

"एम.ए. इतिहास."

"वर्ष?"

"पहिलं."

"वय?"

वय मात्र खरं सांगितलं. सेहेचाळीस. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, उठली, आणि मला पाणी आणून दिलं. "शाबास अम्मा! इस उमर में!" शेजारी बसलेल्या दोन मुलांनीही माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. एकाने तर उठून पंखा माझ्याकडे वळवला.

आत मॅडम माझ्याच वयाच्या. बोलणं हिंदीत झालं. काय त्रास होतो, त्यांनी विचारलं.

"उभं राहिलं की घसा बंद होतो," मी म्हणाले. "लोक बघतात. मग वाटतं, घरीच बसावं." हे बोलताना माझ्या लक्षात आलं, ह्यात खोटं काहीच नाही.

"विषय कुठला होता?"

"जुने तलाव."

"मला सांगा ना. हव्या त्या भाषेत."

आणि मी सांगायला लागले! कुठला तलाव कुणी बांधला, पाणी कसं खेळवलं होतं, आता त्यावर घरं कशी झाली. पोळपाटाशी ऐकलेलं सगळं आठवत गेलं. मॅडम मन लावून ऐकत होत्या. रंगात येऊन मी म्हणाले, "आणि ती म्हणते, आपलं अंबरपेठसुद्धा..."

"ती कोण?" मॅडमनी विचारलं.

मी पदर तोंडाला लावला. मग सगळं सांगून टाकलं, निजामाबादसकट. त्या हसल्या, पण मला लाजवलं नाही. म्हणाल्या, इथलं रजिस्टर कपाटात राहतं. वर्गात, घरी, कुणाकडेही जात नाही. वाचनालयात दुपारी दोन ते चार मोठ्या वर्गातली मुलं बसतात, ती सेमिनारची तयारी फुकट करून घेतात. आधी चार जणांसमोर बोलू द्या अशी विनंती सरांना करता येते. "पण हे सगळं तिने येऊन मागायला हवं. बुधवारची वेळ तुमच्या नावावर लिहिते. तिला घेऊन या."

घरी येऊन सांगितलं, तर मुलगी आधी भडकली. "आई! तू माझं सोंग घेतलंस?"

"नाव तुझं नाही दिलं."

"मग कुणाचं?" मी सांगितलं. "एम.ए. इतिहास? तू? आणि ते खरं वाटलं त्यांना?"

"पाणी दिलं मला."

हसता हसता ती जमिनीवर बसली. कितीतरी दिवसांनी हसत होती. हे आतून ओरडले, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही बाबा, आईला कॉलेजात ॲडमिशन मिळाली."

बुधवारी मात्र तिने खुंटीवरचं ओळखपत्र घेतलं, परत टांगलं, पुन्हा घेतलं. बसमध्ये कुठं ते गळ्यात घातलं. टेबलाशी बसणाऱ्या मुलीने मला पाहिलं आणि लांबूनच हात हलवला, "आइए अम्मा, आपका नंबर पहला!"

मी टेबलाकडं वळणार तेवढ्यात माझी मुलगी पुढं झाली. "ते नाव खोडा," तिने सांगितलं. "माझं लिहा." आणि तिने आपलं नाव, आडनावासकट, मोठ्याने सांगितलं. हळदीकुंकवातल्या बायका माझ्या डोळ्यांपुढं आल्या. पण मी बाकावर जाऊन बसले.

ती तासाभराने बाहेर आली. आत काय बोलली ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हातात एक चिठ्ठी होती.

"तू घरी जा आई. मला वाचनालयात जायचंय, दोन वाजलेच."

"जेवण?"

"खाईन कँटीनमध्ये."

शुक्रवारी सेमिनार झाला. दोनदा अडखळली म्हणे, आणि मागून कुणीतरी हसलंही. "मग?" मी विचारलं. "मग काय, मी थांबले. त्याचं हसून झालं, मग पुढचं बोलले." त्या संध्याकाळी ह्यांनी निजामाबादला फोन केला आणि सांगितलं, मुलीचं एम.ए. पुरं व्हायचंय, दोन वर्षं थांबावं लागेल. मी आत कणीक मळत होते. दोन वर्षं, असं मी ह्यांना सांगितलंच नव्हतं. तिनेच सांगितलं असणार.