पोटदुखीचा प्रसंग

मानसशास्त्राच्या बाई नव्या वर्गाला पुस्तकाआधी एक कार्टून सिनेमा दाखवत. पाणमांजरांच्या कुटुंबाचा. मध्येच चित्र थांबवून विचारत, "बोला, इथे काय दिसतंय?" बापाचा ओरडा खाऊन बादलीला लाथ घालणारा थोरला दिसला की वर्ग एका सुरात ओरडे, "विस्थापन! राग बापावरचा, निघाला बादलीवर!" बाकीचे प्राध्यापक चेष्टा करत, "बाई, तुमच्या तासाला पॉपकॉर्न कोण वाटतं?"

हा खेळ घरीही मुरला होता. बाईंची लेक ऐकलेलं सगळं बोलून दाखवायची, म्हणून तिचं नाव मिठू. बाईंनी "भूक लागली का गं?" विचारलं की ती बापाला डोळा मारी. "बाबा, हे प्रक्षेपण! भूक आईला लागलीय आणि विचारतेय मला." बापाची हसून मुरकुंडी वळे.

सिनेमात एक प्रसंग होता. पोहण्याच्या परीक्षेच्या सकाळी धाकट्या पिल्लाचं पोट दुखतं. आई त्याला कुशीत घेते, समजावते, पाण्यात सोडते, पोट दुखायचं थांबतं. मनातली भीती शरीरावर कशी निघते, हे बाई त्यावरून शिकवत.

मागच्या वर्षी चाचण्यांच्या आठवड्यात मिठू पोट धरून बसली. तिच्या केसांवरून हात फिरवत बाई म्हणाल्या, "ओळख बघू, हे कुणासारखं?"

मिठू ओशाळली. "पिल्लासारखं. पण आई, खरंच दुखतंय गं."

"त्यालाही खरंच दुखत होतं, राणी."

मग ती पोटाबद्दल बोललीच नाही. सकाळी दप्तर अडकवताना स्वतःशीच पुटपुटायची, "भीती आहे ती, जाईल." बाईंना तिचं केवढं कौतुक वाटलं होतं! ती शाळेत कोसळली तेव्हा अपेंडिक्स फुटून विष अंगभर भिनलं होतं. डॉक्टरांनी शर्थ केली. मिठू वाचली नाही.

नवरा बाईंना एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

यंदा विभागप्रमुख म्हणाले, "तो सिनेमा राहू द्या, बाई." बाईंनी मान हलवली आणि तरीही लावला. तो प्रसंग आला. पिल्लाने पोट धरलं. बोट रिमोटवर कितीतरी वेळ नुसतं टेकून राहिलं. मग चित्र थांबलं.

"काय दिसतंय?"

पहिल्या बाकावरची मुलगी उत्साहाने उठली. "मॅडम, मनातली भीती पोटात उतरलीय!"

इतकी वर्षं यावर बाई 'शाब्बास' म्हणत आल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पिल्लू आईकडे बघत होतं, तिने सांगितलेलं सगळं खरं मानून.

"आधी डॉक्टरला दाखवायचं," बाई म्हणाल्या.

वर्ग खळखळून हसला. बाईंनी हसू ओसरू दिलं.

"लिहून घ्या," त्या म्हणाल्या, आणि मुलं वह्या उघडेपर्यंत पडद्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.