सत्तेचाळीस मार्कांची रणचंडी

आमच्या मुलीची बुद्धी मी एका शनिवारी सकाळी, चहा निवायच्या आत, सातावरून सत्तेचाळीसवर नेली.

सायली नौपाड्यातल्या एका ऑफिसात नोकरी करते आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवरच्या एका जादुई राज्यात 'रणचंडी' नावाने राहते. तिथे तिची चौघांची टोळी आहे. या चौघांनी एकमेकांची तोंडं कधी पाहिलेली नाहीत, पण कानाला हेडफोन लावून राक्षस मात्र मिळून मारतात. त्या आठवड्यात तिच्या ऑफिसची सहल खडवलीला होती आणि रविवारी दुपारी चारला टोळीची एका ड्रॅगनशी गाठ होती. शुक्रवारी निघताना तिने मला लॅपटॉप उघडून दाखवला. शनिवारी एकदा आत जाऊन हजेरी लावायची, नाहीतर दोन महिन्यांची सलग हजेरी तुटेल.

"बाबा, फक्त हजेरी. दुसऱ्या कशालाही हात लावू नकोस."

हजेरी हा शब्द तिने माझ्यासमोर उच्चारायलाच नको होता. मी एकतीस वर्षं डोंबिवलीतल्या एका शाळेत गणित शिकवलं. माझ्या वर्गात गणितात एकही मूल नापास झालं नाही, हा माझा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. 'कच्चा विषय आधी' हे माझं ब्रीदवाक्य. घरच्यांनी ओवाळून टाकलेली पोरं मी सुट्टीत समोर बसवून पस्तीसवर आणून सोडली. आजही भाजी आणायला निघालो तर वाटेत तीन जण नमस्कार करतात. (दोन जण रस्ता ओलांडून पलीकडे जातात. तेही माझेच विद्यार्थी.)

तर शनिवारी हजेरी लावली आणि पडद्यावर रणचंडीचं प्रगतिपुस्तक उघडलं. बळ ब्याण्णव. सहनशक्ती अठ्ठ्याऐंशी. चपळाई चाळीस. बुद्धी सात!

मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सातच. आमच्या घराण्यात बुद्धीत सात कोणालाही मिळालेले नाहीत. (बायकोच्या माहेरचं मी बोलत नाही.) आणि खाली लिहिलेलं, चाळीस गुण वाटायचे शिल्लक आहेत. म्हणजे पोरगी नापास होत होती आणि ग्रेसचे मार्क खिशात ठेवून हिंडत होती. बळाला तर डिस्टिंक्शन होतंच, तिथे आणखी ओतून काय करायचं?

मी अठ्ठावीस गुण बुद्धीला दिले. झाले पस्तीस, काठावर पास. उरले बारा. आता बारासाठी हात आखडता कशाला घ्यायचा? तेही तिथेच दिले. सत्तेचाळीस, म्हणजे चक्क सेकंड क्लास. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की ना, हे परत बदलता येणार नाही. मी एकतीस वर्षं शाईच्या पेनाने मार्क भरलेत. दाबलं बटण.

"अहो, तिने हात लावू नका म्हटलेलं ना?" बायकोने, शुभदाने, विचारलं. मी म्हटलं, मुलं तर अभ्यासही नको म्हणतात.

रविवारी दीड वाजता सायली घरी आली. मी तिला दारातच ही आनंदाची बातमी दिली. ती बूट न काढता लॅपटॉपकडे गेली. अगदी हळू आवाजात तिने जे सांगितलं त्याचा सारांश असा, की ते चाळीस गुण तिने पाच महिने जमवलेले. तिला एक नवी कुऱ्हाड मिळालेली. ती उचलायला बळ एकशे तीस लागतं. त्या कुऱ्हाडीवाचून ड्रॅगनला ओरखडाही उठत नाही. टोळीने तिला पहिल्यांदाच म्होरक्या नेमलेलं आणि आज चारला ती तिथे भाकरी थापायच्या ताकदीने उभी राहणार होती.

"पण बुद्धी..." मी म्हणालो.

"बाबा, ही पुढे उभी राहून मार खाते. मागचे वाचावेत म्हणून. एवढंच तिचं काम. त्याला बुद्धी लागत नाही."

"हे तर माझंच काम आहे," स्वयंपाकघरातून शुभदा म्हणाली.

चार वाजता सायलीने हेडफोन काढून आवाज मोठा केला आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. काय झालं ते टोळीला माझ्याच तोंडून ऐकवायचं, ही शिक्षा. (मीही वर्गात हेच करायचो. पोर माझ्यावर गेलीय.) मी घसा साफ केला आणि तीन अनोळखी माणसांना समजावून सांगितलं, की कुठल्याही प्रगतीत कच्चा विषय आधी पाहायचा असतो.

पलीकडून एक जाडा आवाज आला.

"कच्चा विषय आधी... करंदीकर सर का?"

तो प्रवीण म्हात्रे होता. खेळातला मांत्रिक, राहायला डोंबिवलीजवळच्या दिव्याला. दहावीला माझ्या वर्गात होता. गणिताच्या वहीत मागच्या पानांवर घोडे काढायचा आणि मी ती पानं फाडायचो. चाचणीत त्याला सात मिळालेले, बोर्डात मी त्याला पस्तीस मिळवून दिले. मी सायलीकडे अशा नजरेने पाहिलं, की बघ, माझी माणसं ड्रॅगनच्या गुहेतही आहेत.

"काय करतोस रे हल्ली?"

"लग्नाच्या हॉलमधले देखावे रंगवतो, सर. आधी पप्पांनी सायन्सला टाकलेलं. म्हणाले, गणितात पास झालाय ना. तीन वर्षं गेली त्यात."

तेवढ्यात त्याच्याकडे नळाला पाणी आलं आणि तो बादल्या भरायला पळाला. दिव्यात पाणी आलं की ड्रॅगनलाही थांबावं लागतं. दहा मिनिटं तीन शूरवीर गुहेच्या तोंडाशी ताटकळत उभे होते आणि मी फाडलेली पानं मोजायचा प्रयत्न करत होतो.

परत आल्यावर तो म्हणाला, "सायली, माझ्याकडे एक बाटली आहे. ती प्यायली की सगळे गुण परत मिळतात, नव्याने वाटता येतात. एकच आहे, वर्षभर जपलेली. घे तू."

"अरे, ती तुला हवी होती ना?"

"राहू दे. सरांसाठी देतो." मग अजिबात न रागावता तो म्हणाला, "माझ्या वेळी ही भेटत नव्हती, सर."

रणचंडी ती बाटली प्यायली. सायलीने बळ एकशे बत्तीस केलं, बुद्धी पुन्हा सात, आणि चौघं आत शिरली. पुढचा पाऊण तास मी माझी मुलगी नव्याने पाहिली. तू मागे हो, तू डावीकडे जा, प्रवीण, आत्ता नको, थांब, आता. आवाज जराही चढला नाही. स्वतः पुढे उभी राहून मार खात होती आणि मागच्या एकालाही पडू देत नव्हती. एकतीस वर्षांत साठ पोरांचा वर्ग मला इतका नीट सांभाळता आला नाही. ड्रॅगन कोसळला तेव्हा शुभदा पोळपाट हातात घेऊन दारात उभी होती आणि माझे डोळे भरून आले होते. ते मी चष्म्यावर ढकललं.

प्रवीणला मी घरी जेवायला बोलावलं. तो आला, जेवला आणि जाताना माझ्या जुन्या वहीत मागच्या पानावर एक घोडा काढून गेला. ते पान मी फ्रेम करून घेतलंय.

आता टोळीत पाचवा गडी मी आहे. सामान वाहतो. सायलीने मला पहिल्या पायरीपासून सुरुवात करून दिली, तेव्हा बुद्धी सात होती. ती मी तशीच ठेवलीय, मिळतील ते गुण पाठीला देतो. तीन महिने झाले, घरात कोणाला काही फरक जाणवलेला नाही.