आमच्या कॅसेटवर बुडालेला माणूस

मंडळी, चाळीस वर्षं छातीठोकपणे सांगत आलेली माझी एक थिअरी आज दुपारी घरातच कोसळली.

ऐंशीच्या दशकात आम्ही बेलापूरला नवे राहायला आलो होतो. तुर्भ्याच्या कारखान्यातला माझा मित्र सुध्या याने एका इंग्रजी रॉक अल्बमची कॅसेट भरून आणली. शेवटच्या गाण्यात एक माणूस वादळात बोटीतून घरी निघतो आणि ओळीच्या मधेच सगळं शांत होतं. आम्ही ठरवलं, तो बुडाला, म्हणून बँडने ओळ अर्धी सोडली. येईल त्या पाहुण्याला हे ऐकवायचो.

बायको एकदा म्हणाली, "अहो, टेप संपली असेल. पोचला असेल तो." सुध्या हसला. "वहिनी, रॉक वेगळं असतं." ती पुन्हा या विषयावर बोलली नाही.

आज लेकीने मोबाइलवर तोच अल्बम लावला. गाणं आमच्या शांततेपाशी आलं आणि सरळ पुढे गेलं, चांगली दोन मिनिटं. तो माणूस किनाऱ्याला लागतो, घरी जातो, जेवायला बसतो.

मी सुध्याला फोन लावला. तो म्हणाला, "मग मजा काय राहिली? आपलाच शेवट भारी."

मीही आजही तेच म्हणेन. तुम्हीच सांगा, कुठला शेवट जास्त लक्षात राहील?

फोन ठेवून वळलो, तर बायको ते गाणं परत लावून ऐकत होती.

"पोचला बघा," ती म्हणाली. "तुम्ही दोघांनी त्याला इतकी वर्षं उगाच बुडवलंत."