नटाची गाणी

हे मी घरातही कधी बोललो नाही. बायको गेली, तिलाही माहीत नव्हतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असाल, तर संगीताचे कडक मास्तर म्हणूनच.

हलक्या गोष्टीपासून सुरुवात करतो. मला नटांनी गायलेली गाणी आवडतात. म्हणजे दुसऱ्यांची गाजलेली गाणी एखादा हिरो हौसेनं पुन्हा गातो आणि स्वतःच्या नावानं कॅसेट काढतो ना, ती. सूर नाही, दम नाही, मागे नुसता ढणढणाट. वर्गात मी त्यांची यथेच्छ टिंगल करायचो आणि घरी दार लावून ऐकायचो. बेसूर माणूस इतक्या आनंदानं गातो कसा? मला ते कधी जमलं नाही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. दुष्काळ पाण्याचा होता, समारंभांचा नव्हता. अशाच एका समारंभासाठी तालुक्यांतून गाणारे निवडायचे होते आणि ते काम माझ्याकडे आलं. लोकांनी आपापला आवाज कॅसेटमध्ये भरून पाठवायचा, मी ऐकून निवडायचं.

एका रविवारी शेजारी मुंबईचा पाहुणा आला. त्याच्याजवळ एका मोठ्या नटाची नवी कॅसेट होती आणि तो संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होता. मी ती मागून आणली — टीका करायची तर ऐकावं लागतं, असं म्हणून. ती उतरवून घ्यायला दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले. दुपारी लाईट आली. घरात कोरी कॅसेट नव्हती, आणि बाजारातून आणेपर्यंत लाईट थोडीच थांबणार?

इथं मी वर्षानुवर्षं स्वतःची समजूत घालत आलो, की चुकून हाताला लागली ती लावली. चुकून? कॅसेटच्या पाठीला प्लास्टिकचे दोन चिमुकले तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. या कॅसेटचे कुणीतरी जपून मोडलेले होते. मी त्या भोकांवर कागद चिकटवला. डिंक शोधायला उठलो होतो — चुकून माणूस एवढं करतो?

आणि हीच का? ऐकून झालेल्या कितीतरी पडल्या होत्या. पण त्या वकिलाच्या मुलाच्या, आडत दुकानदाराच्या सुनेच्या. ते परत मागायला आले असते. ही चाकूरच्या सुजाताची होती, अजून ऐकायची राहिलेली. बाप रोजगार हमीवर खडी फोडतो, हे मला ठाऊक होतं. आडनावावरून बौद्ध वस्तीतली, हेही कळत होतं. ते आडनाव मी वाचलं आणि मनात म्हणालो — हिच्यासाठी कोण विचारायला येतंय?

ती स्वतःच आली. निवड जाहीर झाल्यावर, एसटीनं. रागावलेली नव्हती.

"सर, माजं कुठं कमी पडलं, तेवढं सांगा की. मी नीट करून घेते."

मी तिचा एक सूरही ऐकला नव्हता. पण मास्तर गप्प कसा राहील? "वरचा सा हालतो तुझा," म्हणालो. तिनं मान डोलावली आणि गेली. कॅसेटसुद्धा मागितली नाही.

पुढं पुष्कळ वर्षं गेली, मी निवृत्त झालो. जयंतीला चाकूरच्या लोकांनी पाहुणा म्हणून बोलावलं. सुजाता तिथं दवाखान्यात नर्स आहे. ती गायली — पट्टी उतरवून, दबून. चाल वर चढायला लागली की थांबायची आणि मागच्या मुलींना हात करायची. वरचं सगळं त्या म्हणायच्या. गाणं संपल्यावर ती माझ्याजवळ आली आणि चारचौघांत म्हणाली, "सरांनी येळेवर खरं सांगितलं म्हनून बरं. न्हाई तर लई हसं झालं असतं माजं."

मी हसलो. हो, हसलो. शरम वाटली, तरी हसलो.

मग ती मांडवाच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या लेकीकडं वळली आणि भोंग्याच्या गोंगाटावरून हाक मारली — "प्रज्ञा, सरांला पानी आन गं!" तो शेवटचा 'गं' थेट वरच्या सा वर जाऊन टेकला. तसूभरही हालला नाही.

लेकीनं तांब्या आणला. मी पाणी प्यालो आणि तांब्या परत दिला.