रिकामा आलेला डबा

शालनमावशी डब्याचं झाकण उघडून माणसाची तब्येत सांगायच्या. खरंच! आमची संस्था सोलापुरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना रोज दुपारी जेवणाचा डबा पोचवते, आणि सांगोल्याकडच्या शालनमावशी ते डबे वाटायच्या. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत ना, तशी ही माणसंही आदल्या दिवशीचा डबा धुऊन आत काहीतरी घालायचीच. चार शेंगदाणे, गुळाचा खडा, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर. मावशी दारातच बसून ते खायच्या, गप्पा मारायच्या. "आपुन बी काय दिलं म्हंजे माणूस जरा ताठ बसतं, मॅडम," म्हणायच्या. मॅडम म्हणजे मी, वय तेवीस! चिडवायच्या हो.

मी मॅनेजमेंट शिकून नवीनच लागले होते. एका दाराशी वीस मिनिटं? मी लगेच वेळापत्रकच बदललं. दार वाजवायचं नाही, भरलेला डबा खिळ्याला अडकवायचा, कालचा काढून घ्यायचा, दोन मिनिटांत पुढे. देणगी देणारी कंपनी जाम खूश. "माणसं हायत का गॅसच्या टाक्या?" मावशींनी एवढंच विचारलं, आणि माझं ऐकलं.

एक दिवस स्वयंपाकघरात परत आलेले डबे उघडताना त्या थांबल्या. वाटेवरच्या एका घरातल्या यल्लम्माआज्जींचा डबा स्वच्छ धुतलेला, पण आत काहीच नाही. "डबा कसाबसा धुतला, पुढं म्हातारीला उठवंना झालं असंल. मी जाऊन येते." नेमकी तेव्हाच कंपनीची माणसं फोटो काढायला येणार होती. मी म्हटलं, मावशी, सगळं जेवल्यात म्हणजे बऱ्याच असतील, उद्या जाताच की. त्या फोटोत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी खिळ्यावर डबा तसाच, भरलेला. मावशींनी दार ढकललं. आज्जी आत जमिनीवर पडलेल्या, अंग गार झालेलं.

पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. डब्यांचा आकडा कमी दिसू नये म्हणून तासाभरात मी डब्यासाठी थांबलेल्यांच्या यादीतलं पुढचं नाव आज्जींच्या जागी टाकलं. त्याच दुपारी त्या नव्या घरी डबा गेलासुद्धा. मावशींनीच नेला. संध्याकाळी त्यांनी रिकाम्या पिशव्या घडी करून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि वैरागला भावाकडे निघून गेल्या.

मी अधूनमधून फोन करते. जेवलीस का विचारतात, भावाच्या शेळ्यांचं सांगतात. आज्जींचं नावही काढत नाहीत. मी वाट बघते, एकदा तरी शिव्या घालतील म्हणून.

"ठेवू का मग?" त्या म्हणतात. "तुला कामं असतील की."