सीतादहीचा तो दिवस

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही हसत विचारलंत, "आजी, तू एवढी शिकलेली, तरी देव मानतेस?" आज दहीभात कालवताना त्याच्या आंबूस वासाने एक दिवस आठवला, म्हणून लिहिते.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. हिवरखेडच्या आमच्या शेतात कापसाची पहिली वेचणी होती. वेचणीआधी सीतादही करायची रीत, म्हणजे झाडाखाली पाच खडे मांडून त्यांना दहीभाताचा नैवेद्य. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. अमरावतीला कॉलेजात शिकणारा माझा मामा म्हणाला, "ताई, पाणी येऊन राहिलं. आधी कापूस वेच. तुह्या गोट्यायले काही भूक नाही लागत." वेचणाऱ्या बाया फिदीफिदी हसल्या.

आईने हात जोडून डोळे मिटले. मी मिटले नाहीत. तिच्याही मनात शंका असणार, असा मला संशय होता, आणि मला तिला पकडायचं होतं. तिने हळूच एक डोळा उघडून आभाळाकडे पाहिलं. मला वाटलं, सापडली. पण तिने पूजा सावकाश पुरी केली.

पाणी आलंच. फुटलेला कापूस भिजून बोंडांतून लोंबू लागला. मामाने विचारलं, "आता कुठं हाय तुहा देव?"

"इथंच हाय," आई पदर पिळत म्हणाली. "आपल्यासंगं भिजून राहिला."

तेव्हा मला ती पळवाट वाटली. आता वाटतं, भीती वाटत असूनही ती जागची उठली नव्हती. ते शेत आज आपलं नाही. आई नाही, मामाही नाही. देवाबद्दलचा माझा संशय अजून आहे, आणि रोजची पूजाही आहे.